व्हार्निशच्या आधी एक तास: वाइंडिंग वायरच्या इनॅमलवरच्या बारीक भेगा उष्णतेनं कशा भरून आणायच्या

कॉइल गुंडाळून झाली, रेझिस्टन्स बरोबर आला, मेगरही (इन्सुलेशन तपासणारा मीटर) समाधानकारक. मग ती व्हार्निशमध्ये बुडवली, सुकवली, आणि लोड दिल्यावर तासाभरात आतले वेढे आपसात शॉर्ट. माझ्याकडे एकाच आठवड्यात अशा तीन कॉइल गेल्या. तार नवी होती, व्हार्निश नेहमीचं होतं, वेढे मोजून घातलेले होते. शेवटी त्यातली एक हळूहळू उलगडली आणि न जळलेला भाग भिंगाखाली धरला. बॉबिनच्या कोपऱ्यावरून तार जिथे वळली होती तिथे इनॅमलवर, म्हणजे तारेवरच्या पातळ इन्सुलेशनच्या थरावर, आडव्या, एकमेकींना समांतर रेघा होत्या, जणू कोणी ब्लेडनं बारीक खुणा केल्या असाव्यात. सरळ भागावर एकही रेघ नव्हती.

या रेघांना क्रेझिंग म्हणतात. त्या उष्णतेनं भरून येतात, पण सगळ्या नाही, सगळ्या तारांवर नाही, आणि व्हार्निश दिल्यानंतर तर जवळजवळ नाहीच. म्हणून कामाच्या क्रमाला इथे तापमानाइतकंच महत्त्व आहे.

भेग पडते कशी

तार वाकवली की तिची बाहेरची बाजू ताणली जाते. किती ताणली जाते याचा हिशेब सोपा आहे: तारेचा व्यास भागिले तारेचा आणि दांड्याचा मिळून व्यास. तार स्वतःच्याच जाडीच्या दांड्यावर गुंडाळली तर बाहेरची बाजू ५० टक्के ताणली जाते, तिप्पट जाडीच्या दांड्यावर २५ टक्के. चौकोनी बॉबिनचा कोपरा धारदार असेल तर तिथे पहिल्या हिशेबासारखी अवस्था होते. त्यात वाइंडिंग मशिनचा ताण मिळवा.

तांबं ताणलं की ताणलेलंच राहतं. इनॅमलला मात्र मूळच्या लांबीवर परत जायचं असतं, पण ते तांब्याला चिकटलेलं असल्यामुळे जाता येत नाही. हा ताण आत कोंडून राहतो. कोरड्या हवेत काही बिघडत नाही, म्हणूनच मेगर चांगला येतो. पण अशा ताणलेल्या थराला अल्कोहोल, थिनर किंवा व्हार्निशमधलं द्रावण लागलं, काही इनॅमलना तर नुसतं पाणी लागलं, तरी ते पॉलिमरच्या साखळ्यांमध्ये शिरून त्यांची पकड सैल करतं आणि थर फाटतो. अर्ध्या मिलिमीटरच्या तारेवर ग्रेड २ च्या, म्हणजे जाड थराच्या, इनॅमलची जाडी एका बाजूला साधारण २० ते ३० मायक्रॉन असते. फाटायला जागाच किती आहे बघा.

उष्णता काय करते

दोन गोष्टी घडतात, आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली, ताण सुटतो. पॉलिमरला एक ठरावीक तापमान असतं. त्याच्या खाली तो काचेसारखा थिजलेला असतो, वर गेला की रबरासारखा मऊ होतो. त्याला ग्लास ट्रान्झिशन म्हणतात. बहुतेक इनॅमल पूर्ण पिकवलेली, जाळीदार रचनेची असतात, त्यामुळे ती वितळून वाहत नाहीत. पण त्या तापमानाच्या आसपास नेली की जाळी सैलावते, कोंडलेला ताण निघून जातो आणि उघडलेली रेघ मिटते.

दुसरी गोष्ट मोकळ्या साखळ्यांच्या, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलिमरमध्ये जास्त घडते. भेगेचे दोन काठ एकमेकांना टेकले की एका काठाच्या साखळ्या सरपटत दुसऱ्या काठात शिरतात. साखळ्यांच्या या सापासारख्या सरपटण्याचं गणित फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन यांनी १९७१ मध्ये मांडलं. त्यावर उभ्या राहिलेल्या सिद्धान्तानुसार सांध्याची ताकद वेळेच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ताकद दुप्पट हवी तर वेळ सोळापट! त्यामुळे कमी तापमानावर रात्रभर ठेवून भागवू, हा हिशेब चालत नाही. तापमान योग्य असेल तर तास पुरतो.

यातूनच हेही कळतं की जुनी भेग का भरत नाही. काठ टेकले पाहिजेत आणि ते स्वच्छ पाहिजेत. भेगेत तेल, धूळ, व्हार्निश किंवा तांब्याचा काळा-हिरवा ऑक्साइड बसला असेल, किंवा काठांचा पॉलिमरच हवेनं पिकून ठिसूळ झाला असेल, तर साखळ्या पलीकडे जाणार कुठून?

आधी ठरवा: ही तार उपचाराची आहे का

घरातल्या किंवा यंत्राच्या मेन्स केबलचं पीव्हीसी तडकलं असेल तर हा लेख तिच्यासाठी नाही. पीव्हीसी तडकतं ते त्यातला मऊपणा देणारा प्लास्टिसायझर उडून गेल्यामुळे. गरम केलं की उरलासुरलाही उडतो, आणि जास्त तापलं तर हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा धूर निघतो. केबल बदला. वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवली म्हणजे भेग भरली असं नाही, ती फक्त झाकली जाते. रबर आणि क्रॉसलिंक केलेलं पॉलिथिलीन यांचंही तेच. टेफ्लॉनचा वितळबिंदू ३२७ अंशांच्या आसपास आहे आणि तिथून थोडं वर गेलं की त्याचा धूर फुप्फुसांना घातक ठरतो. त्याच्या वाटेला जाऊ नका.

उपचार लागू पडतो तो इनॅमल्ड वाइंडिंग वायरला, म्हणजे मोटर, ट्रान्सफॉर्मर, रिले, चोक, स्पीकर यांच्या कॉइलना. त्यातही पॉलिव्हिनिल फॉर्मल, पॉलियुरेथेन, पॉलिएस्टर आणि पॉलिएस्टरइमाइड चांगली साथ देतात. वर पॉलिअमाइड-इमाइडचा थर असलेली दुहेरी तार अर्धवट साथ देते, कारण त्या वरच्या थराचं ग्लास ट्रान्झिशन २७० अंशांच्या पुढे आहे. तिथपर्यंत कॉइल नेता येत नाही. शुद्ध पॉलिइमाइडच्या बाबतीत उष्णतेकडून भेग मिटण्याची अपेक्षाच ठेवू नये. तिथे वळणाची त्रिज्या वाढवणं आणि वाइंडिंगचा ताण कमी करणं हाच इलाज.

रिळावरचं लेबल फेकू नका. त्यावर इनॅमलचा प्रकार आणि थर्मल क्लास असतो: १३०, १५५, १८०, २०० असा. त्या तापमानाला इन्सुलेशन साधारण २०,००० तास टिकावं, या हिशेबानं तो आकडा ठरतो. म्हणजे क्लासच्या आकड्याखाली एक तास घालवल्यानं तारेचं आयुष्य कमी होईल ही भीती बाळगू नका.

आता भिंग घ्या. वीस ते चाळीसपट मोठं दाखवणारं असेल तर उत्तम. उजेड तिरका पाडा, समोरून पाडला तर रेघा दिसत नाहीत. तारेला आडव्या, समांतर, स्वच्छ रेघा म्हणजे क्रेझिंग, उपचाराला योग्य. तारेच्या लांबीच्या दिशेनं गेलेला ओरखडा म्हणजे गाइडनं किंवा नखानं खरवडलेलं इनॅमल. तिथे माल निघून गेलेला असतो, उष्णता तो आणून देणार नाही. रेघेतून काळपट तांबं दिसत असेल, इनॅमल पापुद्र्यासारखं सुटत असेल, किंवा कॉइलला जळकट वास असेल, तर ती उलगडून नव्यानं भरा.

नमुन्यावर चाचणी

हा भाग लोक टाळतात आणि माझ्या मते सगळं काम इथेच ठरतं. कॉइलवर थेट प्रयोग करण्याऐवजी त्याच रिळातले चार तुकडे घ्या.

कोपऱ्याच्या गोलाईइतक्या जाडीचा गुळगुळीत दांडा घ्या. ड्रिल बिटची मागची गुळगुळीत बाजू छान चालते. पहिला तुकडा सरळच ठेवा. बाकीचे तिन्ही दांड्यावर दहा-दहा वेढे घालून, नेहमीच्या ताणानं गुंडाळा आणि अलगद सरकवून काढा. दुसरा तुकडा तसाच थिनरमध्ये पाच मिनिटं बुडवा. थिनर तोच घ्यायचा जो तुमच्या व्हार्निशमध्ये पडतो. तिसरा आधी ओव्हनमध्ये भाजा, गार करा आणि मग थिनरमध्ये बुडवा. चौथा आधी थिनरमध्ये बुडवा, पूर्ण सुकू द्या आणि मग भाजा.

चाचणी मिठाच्या पाण्याची आहे. लिटरभर पाण्यात २ ग्रॅम मीठ विरघळवा आणि त्यात फिनॉल्फ्थॅलिनचं (अल्कधर्मी पाण्यात गुलाबी होणारं रसायन) अल्कोहोलमधलं द्रावण थोडं घाला. काचेच्या उभ्या भांड्यात तार इंग्रजी यू अक्षरासारखी सोडा, म्हणजे तिची दोन्ही कापलेली टोकं पाण्याबाहेर राहतील. टोक पाण्यात गेलं तर चाचणी वाया. तारेच्या टोकाचं इनॅमल खरवडून तिथे १२ व्होल्ट डीसीचं ऋण टोक जोडा. धन टोक स्टीलच्या पट्टीला जोडून ती पट्टी पाण्यात धरा. मध्ये ४७ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर असू द्या, म्हणजे तार पट्टीला चुकून टेकली तरी करंट आवाक्यात राहील. खिडकी उघडी ठेवा आणि एक मिनिट बघत राहा.

जिथे भेग तांब्यापर्यंत पोचली आहे तिथून हायड्रोजनचा बारीक बुडबुडा सुटतो, पाणी त्या जागी अल्कधर्मी होतं आणि गुलाबी धागा वर चढू लागतो, अगरबत्तीच्या धुरासारखा सरळ आणि मग हलकेच वळत. दुसऱ्या तुकड्यावर हे धागे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा प्रत्येक वेढ्याच्या फक्त बाहेरच्या बाजूनं निघत होते, आतल्या बाजूनं एकही नाही. ताणाचा हिशेब डोळ्यांसमोर उभा होता. तिसऱ्या तुकड्यावर काही निघालं नाही. चौथ्यावर दोन धागे उरले होते.

या चार तुकड्यांतून तुमच्या तारेबद्दल सगळं कळतं. पहिल्यावरच धागे निघाले तर तारेतच पिनहोल, म्हणजे इनॅमलमधली सुईएवढी भोकं, आहेत, रीळ बदला. तिसरा कोरा निघाला तर व्हार्निशच्या आधी भाजणं पुरेसं आहे. चौथाही कोरा निघाला तर एकदा द्रावण लागलेली कॉइलसुद्धा वाचवता येईल. चौथ्यावर धागे उरत असतील तर तापमान दहा अंशांनी वाढवून पुन्हा करून बघा. तरीही उरले तर द्रावण लागलेल्या कॉइलचा नाद सोडा.

आयईसी ६०८५१-५ या मानकातल्या पिनहोल चाचणीतही तारेचा तुकडा पाण्यात सोडण्याआधी १२५ अंशांवर १० मिनिटं ठेवतात. त्यामुळे हाताळताना आलेला ताण आधीच निघून जातो आणि मोजणीत येतात ती खरी भोकं. तुम्ही क्रेझिंग शोधत असाल तर दुसऱ्या तुकड्याला ही उष्णता चुकूनही देऊ नका.

चाचणीचे तुकडे नंतर फेकून द्या. आणि कॉइल स्वतः कधीही मिठाच्या पाण्यात बुडवू नका.

साफसफाई: कोरडीच

कॉइल भाजण्याआधी पुसून घ्यावी असं हाताला सवयीनं वाटतं, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली जवळच असते. ती बाजूला ठेवा. ताणलेल्या इनॅमलला अल्कोहोल लावणं म्हणजे ज्या भेगा टाळायच्या त्याच पाडणं. मऊ, कोरडा ब्रश आणि कमी दाबाची कोरडी हवा, एवढंच. कॉइल दमट असेल तर आधी १०० ते १०५ अंशांवर ओलावा जाईपर्यंत ठेवा.

तापमान ठरवणं

दोन मर्यादा पाळायच्या. खालची मर्यादा इनॅमल सैलावण्याची. वरची मर्यादा कॉइलमधल्या सगळ्यात नाजूक वस्तूची, आणि ती बहुतेक वेळा तार नसतेच. नायलॉनची बॉबिन, पीव्हीसीची लीड वायर, टेपचा गोंद, सोल्डरचा जोड, यांतलं काय आधी मऊ पडेल ते बघा. लीड वायर शक्यतो भाजल्यानंतर जोडा.

माझी सुरुवातीची मापं अशी: पॉलिव्हिनिल फॉर्मलला १२०, पॉलियुरेथेनला १२५ ते १३०, पॉलिएस्टर आणि पॉलिएस्टरइमाइडला १५०. पॉलिअमाइड-इमाइडचा वरचा थर असेल तरीही १५० ते १६०, पण तिथे तिसऱ्या तुकड्याचा निकाल बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. सगळीकडे वेळ अर्धा ते एक तास. ही मापं सुरुवातीसाठी आहेत, शेवटचा शब्द गुलाबी धाग्यांचा.

ओव्हनमध्ये

आत पंखा फिरणारा ओव्हन हवा, आणि तो फक्त याच कामाचा हवा. त्यात पुन्हा अन्न शिजवू नये. खोलीत हवा खेळती ठेवा. व्हार्निश किंवा थिनर लागून ओली असलेली कॉइल साध्या ओव्हनमध्ये घालू नका, वाफ पेट घेऊ शकते.

कॉइल जाळीवर ठेवा, तापलेल्या पत्र्यावर नाही. लटकवायची असेल तर वजन बॉबिनवर किंवा कोअरवर येऊ द्या, वेढ्यांवर नको. गरम अवस्थेत इनॅमल मऊ असतं. अशा वेळी एखादा वेढा दाबला गेला तर तिथला थर पातळ होतो.

तापमान मिनिटाला साधारण २ अंशांनी चढवा. फेराइट कोअर असेल तर याहून सावकाश, तो अचानक तापला की तडकतो.

ओव्हनचा काटा १५० दाखवतो म्हणजे कॉइलचा गाभा १५० ला पोचला असं नाही. जाड कॉइलमध्ये हा फरक तासाभराचाही असतो. थर्मोकपल (तापमान मोजणारा तारेचा सेन्सर) आत घालता आला तर घालाच. नाही तर कॉइललाच थर्मामीटर करा: तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर ठरलेल्या प्रमाणात वाढतो. गरम तापमानात २३४.५ मिळवा, थंड तापमानात २३४.५ मिळवा, पहिल्याला दुसऱ्यानं भागा. २० अंशांवर १० ओहम दाखवणारी कॉइल १३० अंशांवर १४.३ ओहम दाखवते. दोन जाड, उष्णता सोसणाऱ्या वायरी दारातून बाहेर काढून मल्टिमीटरला जोडा, आकडा चढताना बघत बसा. तो थांबला की गाभा पोचला. घड्याळ तिथून लावायचं.

हीट गननं हे काम करू नका. तिच्या तोंडाशी तापमान कित्येक शे अंश असतं, एक बाजू करपते आणि आतला वेढा कोमटच राहतो. पॉलियुरेथेन इतकं तापलं तर त्याच्या धुरात आयसोसायनेट असतात, ते श्वासाला फार वाईट. कॉइलमधूनच डीसी सोडून ती तापवायची पद्धत आहे, आणि ओव्हनमध्ये न मावणाऱ्या मोठ्या वाइंडिंगला ती उपयोगी पडते. पण रेझिस्टन्सवर सतत लक्ष हवं, आणि त्यातून कळतं ते सरासरी तापमान. सगळ्यात आतला भाग त्याहून गरम असतो, म्हणून दहा-पंधरा अंश खालीच थांबा.

गार करणं

वेळ भरली की ओव्हन बंद करा आणि दार तसंच बंद राहू द्या. ६० अंशांच्या खाली येईपर्यंत दार उघडू नका, पंख्याचा झोत मारू नका. झटक्यानं थंड केलं तर बाहेरचा थर आधी आकसतो आणि जो ताण काढला तोच थोडाफार परत येतो.

आणि इथून पुढे तार वाकवायची नाही. भाजल्यावर टोकं ओढून नीट करणं, कॉइल हातोडीनं ठोकून स्लॉटमध्ये बसवणं, वेढे दाबून सरळ करणं, यानं नव्या ठिकाणी नवा ताण भरतो. आकार द्यायचा तो सगळा आधी द्या. मोटरच्या बाबतीत कॉइल स्लॉटमध्ये बसवून, बांधून, मगच पूर्ण स्टेटर भाजा.

तपासणी

खोलीच्या तापमानाला आल्यावर रेझिस्टन्स मोजा. तो भाजण्याआधीच्या आकड्याला जुळला पाहिजे. कमी भरला तर वेढे शॉर्ट आहेत. मग १००० व्होल्टखालच्या वाइंडिंगला ५०० व्होल्ट डीसीचा मेगर एक मिनिट लावा. अशा मोटरच्या वाइंडिंगला ४० अंशांवर किमान ५ मेगओहम हवेत. चांगलं कोरडं नवं वाइंडिंग याच्या कितीतरी वर दाखवतं.

पण मेगर फक्त तांबं आणि बॉडी यांमधलं इन्सुलेशन बघतो. शेजारच्या दोन वेढ्यांमधली भेग त्याला दिसतच नाही, आणि सुरुवातीला सांगितलेल्या तिन्ही कॉइलनी मला नेमका तिथेच धोका दिला. त्यासाठी सर्ज टेस्टरवर (कॉइलला जास्त व्होल्टेजचे क्षणिक झटके देणारं यंत्र) चांगल्या कॉइलची आणि या कॉइलची लहर एकमेकींवर ठेवून बघा. सर्ज टेस्टर नसेल तर एलसीआर मीटरवर दोन्हींचा इंडक्टन्स आणि क्यू (कॉइलमध्ये ऊर्जा किती कमी वाया जाते याचं माप) मोजा. एखादा वेढा शॉर्ट असेल तर क्यू ठळकपणे पडतो. मात्र एलसीआर मीटरचा व्होल्टेज अगदी कमी असतो, त्यामुळे शॉर्ट झालेला वेढा त्याला सापडतो, नुसती चिरलेली जागा सापडत नाही. ती शोधायला सर्जच लागतो.

लगेच व्हार्निश

भरून आलेली भेग मूळच्या अखंड थराइतकी भक्कम नसते. तिला व्हार्निशचा आधार लागतो आणि तो त्याच दिवशी द्यावा, हवेतला ओलावा पुन्हा शिरायच्या आत. कॉइल गार होताना तपासणीला लागेल तेवढाच वेळ बाहेर ठेवा. व्हार्निशच्या डब्यावर बुडवण्याचं तापमान दिलेलं असतं, तेवढीच कोमट करून बुडवा.

बुडवताना रिळातला आणखी एक गुंडाळलेला आणि भाजलेला तुकडा दोऱ्याला बांधून कॉइलबरोबरच सोडा, तिच्याबरोबरच सुकवा. त्याची फक्त दोन टोकं खरवडा, १२ व्होल्टवर मिठाच्या पाण्यात एक मिनिट धरा, आणि निकाल आला की मगच कॉइलला लोड द्या.